शेकोटीवर कोण कोण असतं?

नाशिकरोड

प्रिय बाळा,


परवा रात्री सूनबाईचा फोन आला होता. तिने रडगाणं गायलं नाही. 'मामा, गणपतीपासून दारू बंद होती, मागच्या थंडीच्या लाटेत पुन्हा सुरू झाली, आणि आता ते कुणाशी धड बोलत नाहीत,' एवढंच म्हणाली. फोनवर तू 'हो मामा, बरोबर आहे मामा' म्हणून ठेवून देशील हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो. कागद दोनदा वाचता येतो. मी रागावलेलो नाही, तेव्हा पहिल्या ओळीपासून मान खाली घालून वाचू नकोस.

शेतीवरून वाटणाऱ्या तुझ्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. बागाईतदाराला 'टेन्शन घेऊ नकोस' असा सल्ला देणाऱ्याने एकदा डिसेंबरात द्राक्षबागेवर आलेलं आभाळ बघावं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड धरायची वेळ आली, नेमकं तेव्हाच ढग बसून राहिले. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी बघतोस तर घड जिरलेले. जे राहिले त्यांच्यावर आधी डाऊनीचा रोग, मग भुरीचा, आणि दर ढगामागे एक फवारणी, तीही उधारीवर. कांद्याची तीच कथा. 2023च्या ऑगस्टात निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलं, 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली, आणि ती बंदी उठायला पुढच्या वर्षीचा मे उजाडला. माणूस स्वतःच्या चुकीने बुडाला तर निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते कळतं. इथे आभाळ आणि दिल्ली, दोन्ही हाताबाहेर. छाती धडधडणारच. (ती धडधडते म्हणून एकदा ईसीजी मात्र काढून घे. 'मनाचं आहे' हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.)

आणि दारूने त्या भीतीला उतार पडतो, हेही मी नाकारत नाही. पडत नसता तर कुणी प्यायलं नसतं. पहिली नव्वद पोटात गेली की थोड्या वेळात खांदे सैल होतात, आवाज मोकळा होतो. मेंदूत उत्तेजना दाबणारी एक यंत्रणा असते, तिला दारू जोर देते. पण रोज बाहेरून शांतता येतेय म्हटल्यावर मेंदू स्वतःची शांतता कमी करतो आणि उत्तेजनेची बाजू चढवून ठेवतो. पहाटे तीन-चारला दारू उतरते तेव्हा शांतता गेलेली असते आणि चढवलेली उत्तेजना तेवढी मागे उरते. घाम, धडधड, बोटांना कंप, काहीतरी वाईट घडणार अशी खात्री. पहाटे चारला बँकेचा साहेब डोळ्यांसमोर उभा राहतो, असं तू सूनबाईला म्हणालास ना? कर्ज तर दुपारी चारलाही तेवढंच असतं. पहाटेची ती भीती बरीचशी आदल्या रात्रीच्या क्वार्टरमधून आलेली आहे, आणि संध्याकाळी तू तीच घालवायला पुन्हा क्वार्टर आणतोस. तंबाखूचंही असंच आहे. बार भरल्यावर जे बरं वाटतं ते बहुतेक तंबाखू न मिळाल्याची तगमग थांबल्यामुळे वाटतं, आणि ती तगमग तंबाखूनेच लावलेली असते.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, वहीवर ठेव. फवारणीची डायरी ठेवतोस ना? निर्यातीच्या बागेला ती लागतेच. तिच्याच मागच्या पानावर पंधरा दिवस लिही: तलफ किती वाजता आली, तेव्हा कुठे होतास, बरोबर कोण होतं, पोटात काय होतं, भीती दहापैकी किती होती, आणि प्यायलास की नाही. प्यायलास तरी लिही. फवारणी चुकली म्हणून त्या दिवसाचं पान तू फाडत नाहीस.

आता गोळ्यांचं. त्यावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे. मेडिकलच्या काउंटरमागे उभा जन्म गेला माझा. रात्री साडेआठनंतर एक ठरावीक गिऱ्हाईक यायचं. आधी शेजारचा माणूस जाईपर्यंत टूथपेस्टचे भाव विचारायचं, मग काउंटरवर ओणवं होऊन हळूच, 'ती झोपेची... अर्धी पट्टी मिळेल का?' चिठ्ठी नसायची. कपडे चांगले, हातात गाडीची किल्ली, कधी बरोबर लहान मूल. तू तुझ्या मित्राच्या पट्टीतून जी गोळी घेतोयस ती तीच, अल्प्राझोलाम. मार्च 2014 पासून ती शेड्यूल एच-वनमध्ये आहे. डॉक्टरची चिठ्ठी लागते, दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव लिहावं लागतं, ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. एवढा जाच उगाच नाही. आपल्याच जिल्ह्यात मालेगावला हिला 'कुत्ता गोळी' म्हणतात. यंत्रमागांच्या त्या गावात पोरांच्या खिशातून ती निघते, पोलीस छापे घालतात. घबराटीवर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी लिहून देतात ते औषध, चिठ्ठीविना हातोहात फिरायला लागलं की नशा होतं.

गोळीत वाईट काही नाही, वाईट आहे ती तिची घाई. अर्ध्या तासात गुण येतो, म्हणून मन तिच्यामागे धावतं. डॉक्टर चिंतेवर सहसा जी दुसरी, रोजची गोळी देतात तिला गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडून देणारी आणि अर्ध्या तासाची गोळी मागायला परत येणारी माणसं मी इतकी पाहिली की मोजायचं सोडून दिलं. दारू आणि ही गोळी एका रात्रीत तर कधीच नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. त्याउलट, महिनोन् महिने घेत असशील तर एका दिवसात फेकूनही देऊ नकोस, झटके येऊ शकतात. ती डॉक्टरच्या हिशेबाने पायरीपायरीने उतरवायची असते.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तरी तोच धोका असतो. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दिवसात हात कापतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, ताप चढतो, माणूस बरळायला लागतो. त्यात जीवही जातो. 2020च्या टाळेबंदीत दारूची दुकानं बंद झाली तेव्हा हे घरोघर दिसलं. मेमध्ये ती उघडल्यावर लागलेल्या रांगांवर आपण सगळे हसलो, पण त्या रांगांत नुसते शौकीन नव्हते. तुझं पुन्हा सुरू होऊन फार दिवस झाले नाहीत, म्हणून मी घाबरलेलो नाही. तरी डॉक्टरला आकडा खरा सांग. 'कधीतरी, सोशल' असं सांगशील तर औषधही कधीतरीच्या मापाचंच मिळेल.

आता तुझ्या शेकोटीकडे येतो.

निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की मण्याला तडे जातात, म्हणून तुम्ही बागेत रात्रभर शेकोट्या पेटवता. त्या धुरात कोण कोण बसलेलं असतं? मला नावं नकोत, तुझी तुला माहीत आहेत. तिथे 'बसायचं का?' असं कुणी विचारतही नसेल. थंडी, काळोख, जागरण, हातात काम नाही, आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर हवामानाचा नकाशा. एकजण पिशवीतून बाटली काढतो, 'थंडीला बरी.' बरी नाहीच मुळात. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून गरम वाटतं आणि अंगातली ऊब बाहेर जाते. पण ते शास्त्र रात्री एक वाजता कुणाला आठवत नाही. आठवायची वेळच येऊ द्यायची नाही, एवढं आपल्या हातात असतं.

तुला लहानपणी गोष्टी आवडायच्या, म्हणून एक खरी सांगतो. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेचे बरेच सैनिक हेरॉइन घ्यायला लागले. पाचातला एक जण आपण त्याच्या आहारी गेलो असं सांगत होता. 1971 मध्ये सरकार हादरलं, हे सगळे गर्दुल्ले गावी परत येणार म्हणून. ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंवर त्यांचा पाठपुरावा करायचं काम सोपवलं. परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनींपैकी शेकडा पाचच्या आसपासच पुन्हा व्यसनात अडकले. त्यांची इच्छाशक्ती विमानात वाढली नव्हती. ती छावणी, ती भीती, ते सोबती, तो सहज मिळणारा माल, सगळं हजारो मैल मागे राहिलं होतं. तुझी अडचण उलटी आहे. तू महिनाभर पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलास तरी परत येणार तो त्याच बांधावर, त्याच शेकोटीपाशी. म्हणून 'मन खंबीर कर' हा सल्ला मी देणार नाही. तो सल्ला देणाऱ्याला काही करावं लागत नाही. जागा, वेळ आणि सोबत बदल.

शेकोटीची पाळी तुझ्या धाकट्या चुलतभावाला दे आणि त्याच्याकडून पहाटेचं पाणी सोडायचं काम घे, वीज ज्या आठवड्यात त्या वेळेला असेल तेव्हा. पहाटे ठिबक सुरू केलं तर बागेला थंडीत उपयोगच होतो, आणि तुझी ती चारची घटका अंथरुणात तळमळण्याऐवजी हातात टॉर्च घेऊन जाईल. तोवर शेकोटीवरची मंडळी घरी गेलेली असतात. दुसरी जागा पिंपळगाव. बाजार समितीतून मालाची पट्टी हातात पडली की महामार्गावरचा तो ढाबा. भाव पडला म्हणून, आणि चढला म्हणूनही! हे विसरू नकोस, तलफ दुःखातच येते असं नाही, आनंदात ती जास्त बेसावध गाठते. सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 ला महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारू विकू नका असा निकाल दिला होता. पुढे त्यातून पळवाटा निघाल्या. तू तुझ्यापुरता तो निकाल पाळ, आतल्या रस्त्याने घरी ये. पट्टीचे पैसे खात्यात जमा करून घे. रोख घ्यावीच लागली तर सूनबाईला बरोबर ने.

तिसरी जागा खिशात आहे. रात्री दहानंतर कांदाभावाचे ग्रुप, हवामानवाल्यांचे व्हिडिओ, 'गारपिटीची शक्यता' असं लाल अक्षरात लिहिलेलं चित्र. रात्री दोनला गारपिटीचा अंदाज वाचून तू काय करणार आहेस? बागेवर चादर घालणार? हवामान खात्याचा अंदाज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघ, मोबाइल ओसरीवर ठेव, आणि गजरासाठी साधं घड्याळ घे. हे बारीकसारीक वाटेल. पण व्यसनातून बाहेर पडलेली माणसं अशाच बारीकसारीक गोष्टी सांगतात. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चौघांवर लक्ष ठेवा, असं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एएवाले, एकमेकांना सांगत आलेत. फवारणीच्या दिवशी तू दुपारचं जेवण टाळतोस, मजुरांवर खेकसतोस, आणि संध्याकाळी थकून एकटाच पंपहाऊसवर बसतोस. चारही एका दिवसात. मग तलफ न आली तरच नवल.

तरी ती येईलच. आली की अंगावर धावून जाऊ नकोस. ती वाढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत ओसरते. प्यायल्याशिवाय जाणारच नाही असं वाटतं, कारण आजवर तिला स्वतःहून जायची संधीच दिलेली नाहीस. तेवढा वेळ काढ. गार पाणी तोंडावर मार, चार घास खा, बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, श्वास घेतलास त्याच्या दुप्पट वेळ लावून सोड, आणि मला फोन कर. कुठलाही विषय काढ. मी झोपलेला असेन असं मनात आणू नकोस, या वयात कुठली झोप!

आणि मागच्या आठवड्यात जे झालं त्याला घसरण म्हणतात. 'एवढे महिने वाया गेले, आता काय राहिलं' हे म्हणणं जास्त घातक, कारण तेच म्हणत माणूस दुसरी बाटली फोडतो. ते महिने कुठेही गेलेले नाहीत. मात्र ही घसरण शेकोटीवर झाली असं समजू नकोस. घड दिसतो ऑक्टोबरात, पण तो असणार की नाही हे मे-जूनमध्येच काडीत ठरलेलं असतं. तुझंही तसंच. दिवाळीनंतर तू फॉलोअपला जायचं थांबवलंस, माझे फोन घेईनासा झालास, जेवण तोडलंस. बाटली नंतर आली.

एक गोष्ट ताईने, तुझ्या आईने, तुला सांगितलेली नाही, मी सांगतो. पूर्वी ती माझ्याकडे 'जेवणात मिसळायची पावडर' मागायला आली होती. तुला कळू न देता. मी नाही म्हणालो, त्यावर ती चार महिने माझ्याशी बोलली नाही. ती पावडर म्हणजे बहुधा डायसल्फिराम. 1948 साली डेन्मार्कच्या डॉक्टरांनी दारूवर तिचा उपयोग दाखवून दिला. ती पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. समजून, स्वतःच्या मर्जीने, तपासण्या करून घेणाऱ्याला तिचा उपयोग होतो. न सांगता खाऊ घातली तर माणूस मरूही शकतो. आता तलफ कमी करणारी वेगळी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट. लिव्हरची आणि किडनीची तपासणी करून डॉक्टर ठरवतील. ताईला दोष देऊ नकोस. आईला वाट दिसेनाशी झाली की ती पावडरच शोधते. घरातून न विचारता उचलून नेणाऱ्या, मारहाण करून 'सुधारणाऱ्या' केंद्रांचे कागदही कुणीतरी तिला आणून दिलेत, ते चुलीत घाल. नोंदणी नाही, डॉक्टर नाही, घरच्यांना भेटू देत नाहीत, तिथे पाय ठेवायचा नाही.

राहायचीच वेळ आली तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या आहारी गेलेल्या पोरांवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि डॉ. अनिता अवचटांनी 29 ऑगस्ट 1986 ला ते सुरू केलं. बाई 1997 मध्ये गेल्या, काम थांबलं नाही. पुढे गर्दपेक्षा दारूवालेच तिथे जास्त आले. अवचट स्वतः गेले 27 जानेवारी 2022 ला. त्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने वाइन सुपरमार्केटात विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. त्या आठवड्यात आपल्या नाशिकात जो तो 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं सांगत होता. बाटलीवर द्राक्षाचं चित्र असो नाहीतर संत्र्याचं, आतलं अल्कोहोल एकच. निर्णय पुढे बारगळला, ते बरंच झालं. आणि नशा फक्त बाटलीतच आहे असंही नाही. 2023च्या ऑक्टोबरात इथल्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडी नावाचं ड्रग बनवणारा कारखाना पकडला. माझ्या घरापासून तो किती जवळ होता हे पेपरात वाचल्यावर मला कळलं. शेकोटीवर उद्या कुणी पुडी काढली तर ती कुठून आली असेल याचा अंदाज असू दे.

एक प्रश्न मी सरळ विचारतो, कारण आडून विचारायचा तो प्रश्नच नाही. मरावंसं वाटतं का? वाटत असेल तर लाजू नकोस, सांग. सूनबाईला सांग, मला सांग, नाहीतर 14416 ला फोन कर. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, 2022 पासून चालू आहे, दिवसरात्र माणूस उचलतो, मराठीत बोलतो, पैसे लागत नाहीत. व्यसनासाठी 14446 आहे. आणि उत्तर काहीही असलं तरी फवारणीच्या औषधांच्या खोलीची चावी आजपासून सूनबाईकडे. फवारणीच्या दिवशी तिने कुलूप काढायचं, लागेल तेवढंच औषध बाहेर काढायचं, पुन्हा कुलूप लावायचं. मी तिला फोनवर सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस. असला विचार माणसाच्या मनात थोडा वेळच जोरात असतो, त्या वेळात हाताला औषध लागू नये एवढ्यासाठी हे आहे.

सोमवारी सकाळी त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या ओपीडीला जायचंय. केसपेपरच्या खिडकीपाशी मी लवकर येऊन रांगेत उभा राहतो. तू पहिल्या एसटीने सीबीएसला उतर, तिथून जवळच आहे. येताना आधार कार्ड, वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट असतील ते, आणि गोळ्यांची पट्टी घेऊन ये. रिकामी असली तरी आण, डॉक्टरला नाव आणि पॉवर बघता येते. डायरीचं मागचं पान जेवढं भरलं असेल तेवढं चालेल. नाश्ता करून नीघ. आदल्या रात्री प्यायलास तरी ये, नाहीतर 'आज नको, पुढच्या सोमवारी' असं होईल. डॉक्टरांकडून निघालो की संध्याकाळी एएची सभा आहे, मी बाहेर बाकावर बसेन, आत तू एकट्याने जायचंस. सूनबाई येणार असेल तर तिलाही आण. तिच्यासारख्यांचं ऐकून घेणारेही लोक असतात, आणि मिसळ मी देईन.

तुझा,
मामा